सर्वांत खालचे पान

कुंडी पुसण्यासाठी उचलली आणि झाड कुंडीतून निघून आले. माझे बोट कडेला जरासे लागले होते, एवढेच. पण पानांचे ते फुलासारखे अख्खे चक्र अलगद सुटून तळहातावर आले. वरून पाहता त्यात कसलाही दोष नव्हता. निळसर राखाडी पाने एकावर एक नीट बसलेली होती, त्यांच्या टोकांना गुलाबी छटा होती आणि मधोमध दोन कोवळी पाने नुकती उलगडू पाहत होती. उलटे करून पाहिले, तेव्हा जिथे खोड असायला हवे होते तिथे काळा, ओलसर, बोटाने दाबताच पसरणारा लगदा होता. आदल्याच संध्याकाळी मी या झाडाचे वरून छायाचित्र काढून थोरल्या बहिणीला पाठवले होते आणि ‘किती छान वाढले आहे पाहा’ असे मोठ्या अभिमानाने लिहिले होते.

एचेव्हेरियाचे हे माझे तिसरे झाड. पहिली दोन कशी गेली, हे तेव्हा कळलेच नव्हते. एकाची पाने एका आठवड्यात गळून पडली होती आणि दुसरे हळूहळू मऊ होत गेले होते. ‘झाड नाजूक होते’ अशी दोन्ही वेळा मी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या वेळी मात्र पुरावा हातातच होता. ताईला फोन केला, तेव्हा तिने सांत्वन वगैरे काही केले नाही. “तू नेहमी वरूनच बघतेस. ते झाड वरून शेवटपर्यंत छानच दिसतं. खालचं पान कधी बघितलंस का?” एवढेच ती म्हणाली. गेली काही वर्षे गुलाबाच्या आकाराच्या या मांसल झाडांबरोबर मी जे काही शिकले, ते बहुतेक सगळे या एका प्रश्नाच्या मागे लागून शिकले, म्हणून ते त्याच क्रमाने लिहीत आहे.

आधी माझ्या हातून काय झाले होते, ते सांगते. झाड चिनी मातीच्या देखण्या भांड्यात लावले होते आणि त्या भांड्याला तळाशी छिद्र नव्हते. त्याची भरपाई म्हणून तळाशी दोन बोटे खडी घातली होती, म्हणजे जास्तीचे पाणी खडीत उतरेल आणि मुळे कोरडी राहतील, असा माझा हिशेब होता. वर बागेतली काळी, चिकट, खतावलेली माती होती. आणि दर दोन दिवसांनी मी पिचकारीने पानांवर पाणी फवारत असे, कारण पानांवरचे थेंब मण्यांसारखे गोल होऊन घरंगळताना सुंदर दिसत. या चार गोष्टींपैकी एकच केली असती तर झाड कदाचित तगले असते. चारही मिळून त्याला वाचण्याची वाट उरली नव्हती.

या झाडाला पाणी इतके का बाधते, हे समजून घ्यायचे तर ते मुळात कुठले आहे हे पाहावे लागते. एचेव्हेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या असून काही खाली दक्षिण अमेरिकेच्या वायव्य भागापर्यंत आढळतात. अठराव्या शतकात न्यू स्पेनमधल्या, म्हणजे स्पेनच्या ताब्यातल्या तेव्हाच्या मेक्सिकोमधल्या, वनस्पतींच्या शास्त्रीय मोहिमेत चित्रे काढणाऱ्या आतानासिओ एचेव्हेरिया या चित्रकारावरून द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये या प्रजातीला नाव दिले. चित्रकाराच्या नावाने ओळखले जावे इतके हे झाड रेखीव आहे, यात शंका नाही. मात्र ते वाढते कड्याकपारींत, दगडांच्या फटींत, जिथे पाऊस पडला की पाणी झरझर वाहून जाते, दिवसा ऊन कडक असते आणि रात्री चांगला गारवा असतो. त्याच्या पानांत साठवलेले पाणी हीच त्याची शिदोरी असते आणि मुळे मात्र बारीक, उथळ, हवेला सरावलेली असतात. चिकट ओल्या मातीत अशा मुळांना श्वास घेता येत नाही, ती गुदमरतात आणि मग कुजवणाऱ्या बुरशीला दार मोकळे मिळते.

रात्रीच्या गारव्याचा मुद्दा मला बराच उशिरा कळला. सर्वसाधारण झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. ही झाडे मात्र दिवसा रंध्रे मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवतात आणि दिवसा उजेड मिळाला की बंद दाराआड त्याचे अन्न करतात. त्यामुळे भर उन्हात पानांतले पाणी उडून जात नाही. आपल्या ओळखीची पानफुटी याच कुळातली. तिची पाने सकाळी आंबट लागतात, दुपारी बेचव होतात आणि संध्याकाळी काहीशी कडवट लागतात, हे भारतात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी चाखून नोंदवले होते आणि त्यांचे ते पत्र १८१५ मध्ये लिनियन सोसायटी या लंडनच्या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेच्या नियतकालिकात छापले गेले. आम्ल रात्री साठते आणि दिवसा खर्च होते, याचा तो जिभेने घेतलेला पुरावा होता. मी स्वतः ही परीक्षा केलेली नाही आणि कोणी करूही नये, कारण पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. पण रात्री हवा उकडत असेल तर या झाडांचे वायू घेणे मंदावते आणि वाढही रेंगाळते, हे कळल्यावर एक कोडे सुटले. उकाड्याच्या महिन्यांत माझी एचेव्हेरिया जणू गोठून बसत आणि मी त्यांना हुशारी यावी म्हणून आणखी पाणी देई. भूक नसलेल्यापुढे ताट वाढून ठेवावे, तसा तो प्रकार होता; फरक इतकाच की हे ताट उचलून नेता येत नव्हते, ते मुळांशी साचत होते.

तर, माती. या एका विषयावर मी जितका वेळ घालवला तितका बाकी कशावरही घालवला नाही आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पहिला धडा तळाच्या खडीचा. खडी घातली की निचरा सुधारतो, हे इतके स्वयंसिद्ध वाटते की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. ताईने मला भांडी घासण्याचा आयताकृती स्पंज घ्यायला सांगितला. तो पाण्यात पूर्ण भिजवला, आडवा धरला आणि पाणी ठिबकायचे थांबेपर्यंत वाट पाहिली. मग तोच स्पंज न पिळता नुसता उभा केला, तर त्यातून पुन्हा बरेच पाणी गळाले. म्हणजे आडवा असताना ते पाणी स्पंजाने तळाशी धरून ठेवले होते. कुंडीतल्या मातीचेही असेच होते: बारीक कणांची माती आपल्या तळच्या थरात पाणी धरून ठेवते आणि खाली मोठ्या पोकळ्या असलेली खडी आली तरी ते सहजी खाली सोडत नाही. खडीमुळे एवढेच घडते की तो चिंब थर दोन बोटे वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ सरकतो. उथळ, पसरट भांडे दिसायला शोभते, पण त्यात कोरड्या मातीचा भाग फारच थोडा उरतो, हेही त्याच स्पंजाने दाखवून दिले.

म्हणून आता मी तळाशी काही घालत नाही, फक्त छिद्रावर जाळीचा तुकडा ठेवते, म्हणजे माती सांडत नाही आणि मुंग्यांनाही थोडा अटकाव होतो. बदल करायचा तो सगळ्या मातीतच करते. एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेले गांडूळखत, दोन भाग खरखरीत खडे, असे माझे प्रमाण ठरले आहे. खडे म्हणजे प्युमिस हा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड मिळाला तर उत्तम, नाहीतर परलाइट, म्हणजे तापवून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे कण, आणि तोही नसला तर विटांचा बारीक चुरा किंवा जाड वाळू. खड्यांचा आकार साधारण तीन ते सहा मिलिमीटर ठेवते आणि त्यातली धूळ चाळणीने न चुकता काढून टाकते. सुरुवातीला मी धूळ काढत नव्हते. दोन-तीन पाण्यांनंतर ती सगळी खाली बसून तिचा सिमेंटसारखा थर झाला आणि माझे सगळे प्रमाण वाया गेले. परलाइट चाळताना नाकातोंडावर फडके बांधावे किंवा ते आधी ओले करून घ्यावे, कारण त्याची धूळ घशात बसते. कोकोपीटबद्दल माझी एक तक्रार आहे: पूर्ण वाळले की ते पाणी झिडकारते, वरून ओतलेले पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जाते आणि आपल्याला वाटते की झाड प्यायले. अशा वेळी कुंडी परातभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवून खालून भिजवावी लागते.

कुंडी भाजक्या मातीची. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते आणि आतली माती लवकर सुकते. प्लॅस्टिकच्या कुंडीतही ही झाडे चांगली वाढतात, मात्र पाण्यांमधले अंतर मग वाढवावे लागते. ज्यांचा हात पाण्याच्या बाबतीत सैल आहे, त्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, मातीचीच घ्यावी. आकार झाडाच्या पसाऱ्यापेक्षा बोटभरच मोठा ठेवावा. मोठ्या कुंडीत मुळांच्या आवाक्याबाहेरची माती दिवसेंदिवस ओली राहते.

पाण्याचे वेळापत्रक करण्याचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. आठवड्यातून एकदा, दहा दिवसांतून एकदा, असले कोणतेही उत्तर खरे नसते, कारण ते हवेवर, उजेडावर, कुंडीवर आणि ऋतूवर ठरते. त्याऐवजी दोन गोष्टी करते. पहिली, कुंडीचे वजन. एका मधल्या आकाराच्या कुंडीला मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवले. भिजवून निथळल्यावर ती चारशे दहा ग्रॅम भरली आणि अगदी कोरडी झाल्यावर तीनशे पाच. महिनाभर रोज सकाळी वजन घेऊन वहीत लिहिले, तेव्हा लक्षात आले की पहिल्या तीन दिवसांत निम्म्याहून अधिक पाणी जाते आणि उरलेले रेंगाळत जाते. वरची माती दुसऱ्याच दिवशी पांढरी पडत होती, पण आत ओल आठव्या दिवशीही होती. वही केव्हाच बंद झाली. हाताला मात्र वजन कळू लागले आणि आता कुंडी उचलली की समजते.

दुसरी गोष्ट म्हणजे ते खालचे पान. सर्वांत खालच्या, सर्वांत जुन्या पानातून झाड आधी पाणी ओढून घेते, म्हणून तहान लागली की ते पान प्रथम सैल पडते. अंगठा आणि तर्जनी यांत ते हलकेच दाबले असता ताठ असेल तर पाणी नको; कानाच्या पाळीइतके मऊ लागले आणि त्यावर बारीक सुरकुत्या दिसल्या तर पाणी द्यावे. द्यायचे तेव्हा तळातून वाहून जाईपर्यंत भरपूर द्यावे, लांब चोचीच्या झारीने कडेच्या मातीत द्यावे आणि चक्राच्या मध्यभागी थेंब साचला तर तो फुंकून काढावा. घोट घोट पाणी दररोज देणे हे मात्र मुळांना कायम अर्धवट ओले ठेवणे होय.

खालच्या पानाची भाषा एवढ्यावर संपत नाही आणि ती चुकीची वाचली तर घात होतो. सर्वांत खालचे एखादे पान तपकिरी, कागदासारखे कोरडे होऊन खोडाला चिकटून राहते, तेव्हा काहीच बिघडलेले नसते. झाडाने जुने पान आटवून नव्याला दिले, एवढाच त्याचा अर्थ. ती वाळलेली पाने मात्र काढून टाकावी, कारण त्यांच्या आड ओल आणि किडी दोन्ही दडतात. पान पिवळसर, काचेसारखे आरपार दिसणारे आणि पाण्याने टचटचलेले झाले, तर ते पाणी जास्त झाल्याचे लक्षण आहे आणि कुंडीतून झाड काढून मुळे पाहण्याची वेळ झाली आहे. तिसरी अवस्था सर्वांत फसवी. पाने सुरकुतलेली असतात, आपण पाणी देतो आणि चार दिवसांनीही ती तशीच राहतात. आपण आणखी पाणी देतो. वास्तविक ते झाड तहानलेलेच असते, पण त्याची मुळे आधीच कुजून गेलेली असल्यामुळे ते पिऊ शकत नाही. माझे दुसरे झाड असेच गेले असणार, असे आता वाटते. तेव्हापासून माझा नियम असा: भरपूर पाणी देऊन तीन-चार दिवसांत पाने भरली नाहीत, तर पुन्हा पाणी द्यायचे नाही, झाड उपटून पाहायचे.

उजेडाच्या बाबतीत मी दोन्ही टोकांच्या चुका केल्या. घराच्या आत, खिडकीपासून चार हातांवर ठेवलेले एक झाड दोन महिन्यांत उंच झाले, तेव्हा मला आनंद झाला होता. पानांमधले अंतर वाढत गेले, खालची पाने खाली झुकली, रंग फिका हिरवा झाला आणि गुलाबाचा माड झाला. उजेडासाठी मान ताणणाऱ्या या झाडाला पुन्हा आखूड करता येत नाही. वाढलेले खोड तसेच राहते. घाबरून मी ते थेट दुपारच्या उन्हात नेले आणि एका दिवसात त्याच्या पानांवर पांढरट, नंतर तपकिरी झालेले चट्टे उठले. तेही कधी भरून येत नाहीत; ती पाने झडून नवी येईपर्यंत आपल्या घाईची ती खूण झाडाच्या अंगावर राहते. आता नवे झाड आणले की पहिला आठवडा सकाळचे तासभर ऊन देते आणि पुढे दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत नेते. सरावलेल्या झाडाला रोज चार-पाच तास कोवळे ऊन मिळाले की पाने गच्च मिटून येतात आणि टोकांना लाली चढते. ही लाली अँथोसायनिन या रंगद्रव्याची असते आणि तेज ऊन, गार हवा, थोडी तहान यांमुळे ती गडद होते.

उजेड सगळ्या पानांना कसा पुरतो, हे पाहण्यासाठी मात्र झाडाकडे वरूनच पाहावे लागते. प्रत्येक नवे पान आधीच्या पानापासून साधारण १३७.५ अंश वळून उगवते, त्यामुळे कोणतेही पान खालच्या पानाच्या नेमके डोक्यावर येत नाही. माझ्या एका झाडावर एका दिशेने फिरणाऱ्या वळणांच्या रांगा मोजल्या तर पाच भरल्या आणि उलट दिशेने आठ. एका सुट्टीच्या सकाळी टाचणीचे टोक पुढे सरकवत मी हे मोजत बसले होते आणि मोजताना एका पानावरची पांढरी भुकटी बोटाने पुसली गेली. ती भुकटी म्हणजे पानाने स्वतःवर चढवलेले मेण. ते उन्हाची तिरीप परतवते, पाणी उडू देत नाही आणि अंगावर पडलेला थेंब टिकू देत नाही. पूर्ण वाढलेल्या पानावर ते पुन्हा येत नाही. माझ्या तर्जनीचा ठसा त्या पानावर सहा महिने स्पष्ट दिसत होता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला या झाडांना हात लावावासा वाटतोच, त्यामुळे सर्वांत मेणचट झाडे मी आता मागच्या रांगेत ठेवते.

तळहातावर आलेल्या त्या चक्राचे पुढे काय झाले, ते राहिलेच. ताईने सांगितले त्याप्रमाणे धारदार सुरी स्पिरिटने पुसून घेतली आणि खोडाचे पातळ काप काढत वर गेले. पहिला काप काळा, दुसरा तपकिरी, तिसऱ्यात मधोमध तपकिरी ठिपका, चौथ्यात सुईच्या टोकाएवढा डाग. तिथे थांबण्याचा मोह झाला, पण “एक डाग राहिला तरी पुन्हा चढतं, कापत जा,” असा तिचा आग्रह होता. पाचवा काप स्वच्छ, फिका हिरवा निघाला. या कापाकापीत खालची अकरा पाने सुटी झाली आणि खोड जेमतेम नखाएवढे उरले. ते चक्र मी एका रिकाम्या पेल्याच्या तोंडावर, खोड आत लोंबकळत राहील असे, सावलीत ठेवले. पाणी नाही, माती नाही. पाच दिवसांत कापलेली जागा सुकून तिच्यावर कडक पापुद्रा धरला. सतराव्या दिवशी खोडाच्या बाजूने तीन पांढरे, केसाएवढे अंकुर दिसले. मुळे फुटल्यावरच ते कोरड्या मातीवर टेकवले आणि आणखी चार दिवसांनी पहिले पाणी दिले. त्या तीन आठवड्यांत खालची दोन पाने सुकली. झाड स्वतःच्या पानांतले पाणी खर्चून मुळे घडवत होते.

ती अकरा पाने टाकून देणे जिवावर आले, म्हणून एका ताटलीत कोरड्या मातीवर पसरून ठेवली. त्यांतली चार सुरीने अर्धवट कापली गेली होती, ती काहीच न करता वाळून गेली. पान जिथे खोडाला जोडलेले असते, त्या टोकाशीच नवे झाड फुटण्याची क्षमता असते. ते टोक पानाबरोबर आले नाही तर पान नुसते पान राहते. म्हणूनच पान काढताना ओढू नये, ते डावी-उजवीकडे हळूच हलवावे, म्हणजे बारीकसा ‘टक्’ असा आवाज येऊन ते टोकासकट सुटते. उरलेल्या सातांपैकी एक पान पारदर्शक होऊन कुजले. तिघांना तिसऱ्या आठवड्यात आधी गुलाबी मुळे आणि मग मोहरीएवढे चक्र आले. दोघांना आधी चक्र आले आणि मुळे फार नंतर. आणि एका पानाने मुळांचा मोठा झुबका काढला, पण झाड काढायचे नावच घेतले नाही. सात महिने ते पान तसेच टवटवीत होते आणि मी रोज त्याची चौकशी करत होते. शेवटी ते शांतपणे सुकले.

इवल्या चक्रांना पाणी केव्हा द्यायचे, हा नाजूक प्रश्न असतो. मुळे दिसेपर्यंत मी काहीच देत नाही, मुळे दिसली की ती मातीने हलकेच झाकते आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मुळांजवळ काही थेंब सोडते. आईपान पूर्ण सुकून आपोआप गळेपर्यंत ते तोडू नये, कारण पिल्लू त्याच्यावरच पोसले जात असते. मी उत्साहाच्या भरात एक तोडले आणि पिल्लू पानाबरोबर निघून आले.

कुळाबाहेरच्या आणि कुळातल्या इतर सोबत्यांविषयी थोडक्यात. ग्रॅप्टोपेटलम पॅराग्वेयेन्स हे सर्वांत सोसणारे झाड आहे. नावात पॅराग्वे असले तरी ते मूळचे मेक्सिकोचे, आणि गळून पडलेले त्याचे प्रत्येक पान जणू रुजण्याच्या तयारीनेच पडते. सुरुवात करणाऱ्याने याच्यापासून करावी. हॉवर्थिया दिसायला यांच्यासारखी असली तरी कोरफडीच्या नात्यातली, दक्षिण आफ्रिकेतली. झुडपांच्या सावलीत वाढणारी असल्याने तिला गाळलेला उजेड पुरतो आणि थेट ऊन लागले की ती तांबूस होऊन आक्रसते. एओनियम भर उन्हाळ्यात झोपते, बाहेरची पाने गाळून उरलेली मुठीसारखी मिटून घेते, आणि ते मेले असे समजून मी एकदा टाकून देण्याच्या बेतात होते. सेम्परव्हिव्हम या नावाचा अर्थच ‘सदा जिवंत’, पण त्याचे चक्र एकदा फुलले की मरते, कारण त्याचा फुलोरा वाढीच्या टोकातूनच निघतो. ‘सदा’पण सांभाळतात ती त्याच्या भोवती जमलेली पिल्ले. एचेव्हेरियाचा फुलोरा पानांच्या बगलेतून येतो, त्यामुळे फुलून झाले तरी झाड शाबूत असते. हा फरक माहीत नसल्याने पहिल्या एचेव्हेरियाला दांडा आला तेव्हा मी तो भीतीने कापून टाकला होता.

त्या फुलांच्या दांड्यावरच मला पिठ्या ढेकूण पहिल्यांदा भेटले. कापसाचे बारीक बोळे पानांच्या बेचक्यात अडकावेत, तसे ते दिसतात. सत्तर टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन एकेकाला टिपले; त्याने त्यांचे मेणाचे कवच विरघळते, मात्र पानाचेही मेण जाते, म्हणून काडी नेमकी किड्यावरच टेकवावी आणि झाड एखादा दिवस उन्हाबाहेर ठेवावे. आठवड्याने अंड्यांतून नवे निघतात, तेव्हा पुन्हा तेच करावे लागते. पण एका झाडावर वर काहीही दिसत नसताना वाढ थांबली, खालची पाने सैल पडली आणि पाणी देऊनही भरेनात. माझ्या नियमाप्रमाणे उपटून पाहिले, तर मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पिठासारखी पांढरी बुरशी दिसली. भिंगातून पाहिले, तर ती बुरशी चालत होती. मुळांवरचे पिठ्या ढेकूण होते ते. सगळी माती फेकली, मुळे वाहत्या पाण्याखाली धुतली, अर्धी कापली, चार दिवस सुकवली आणि नव्या मातीत लावली. कुंडी उकळत्या पाण्याने धुतली. शेजारच्या कुंड्यांच्या पायथ्याशी मुंग्यांची रांग मी कित्येक दिवस पाहत होते. या किड्यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांना सांभाळतात, इकडून तिकडे नेतात, हे मला वाचून ठाऊक होते, तरी रांग आणि रोग यांचा संबंध मी जोडला नव्हता.

कापून वाचवलेले ते चक्र आता पाच वर्षांचे आहे. मध्ये ते एकदा उंच झाले, पुन्हा कापले, खाली उरलेल्या ठोंबाला चार पिल्ले फुटली, त्यांतली दोन ताईकडे गेली. काल सकाळी त्याची कुंडी उचलली, ती हलकी लागली. खालचे पान दाबले तर अजून ताठ होते. एक वाळलेले पान मात्र खोडाशी चिकटले होते, ते चिमट्याने काढले, कुंडी पाव वळण फिरवली आणि पाणी न देता जागेवर ठेवून दिली.